झाडूछाप कॅसेटींचा मेश्राम

मेश्रामच्या गाडीचा एसी मनात येईल तेव्हा चालायचा आणि उजवीकडचा आरसा चिकटपट्टीनं बांधलेला होता. अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावी, चांगल्या कंपनीत डेटाबेसचं काम करणारा, बऱ्यापैकी पगार असलेला हा माणूस ती गाडी बदलायला मात्र तयार नव्हता. त्याची बायको प्रज्ञा दर दिवाळीला विषय काढायची. मेश्राम शांतपणे म्हणायचा, "नव्या गाड्यांत कॅसेट लावायला जागाच ठेवत नाहीत." की विषय संपला.

मी त्या गाडीत बसायला लागले २००१ साली. ड्रायव्हिंग टेस्टवाल्या बाईचं आणि माझं जमत नव्हतं, ती मला नापास करत होती आणि मी पुन्हा जात होते. ऑफिस एकच, घरं जवळ, म्हणून मेश्राम मला न्यायचा. पहिल्या दिवशी गाडी सुरू झाली आणि सीटखालून असा काही दणका बसायला लागला की माझ्या दाढा हलल्या. वरून एक माणूस घाईघाईत कोणाशी तरी भांडत होता. मी ठाण्यात गाण्याच्या परीक्षा दिलेली बाई. मी विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, गाणं आहे. मी म्हटलं, गाणं आहे तर मग चाल कुठंय? त्यानं आवाज थोडा कमी केला, बंद केला नाही. "कळेल हळूहळू," म्हणाला. "मलाही एकदम नव्हतं कळलं." मला वाटलं होतं, आठवडाभर सहन करू, तोवर लायसन्स मिळेल. लायसन्स मिळायला वर्ष गेलं आणि मिळाल्यावरही मी त्याच्याच गाडीतून जात राहिले.

ते गाणं कुणाचं, हे त्यानंतर मला इतक्या वेळा ऐकावं लागलं की आज झोपेतही सांगेन. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्वेकडं, तंबाखूच्या शेतांमधल्या एका लहानशा गावात, नव्वदच्या दशकात काळ्या वस्तीतल्या काही पोरांनी हिप-हॉपची स्वतःची कंपनी काढली होती. न्यू यॉर्कवाले विचारत नाहीत, लॉस एंजेलिसवाले विचारत नाहीत, तर आपलं आपणच काढू, असा मामला. नाव स्वेप्ट यार्ड रेकॉर्ड्स, म्हणजे झाडलेलं अंगण. तिकडच्या जुन्या गरीब घरांपुढं गवत नसायचं, मातीचं अंगण असायचं आणि बायका ते रोज झाडायच्या. कंपनीला ऑफिस नव्हतं. कॅसेटी गाडीच्या डिकीतून विकायच्या, पेट्रोल पंपावर, न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या जेवणावळीला. पुढं थोड्या सीडी निघाल्या, काही तबकड्या निघाल्या, आणि कंपनी बसली. तिनं काढलेली प्रत्येक गोष्ट, पहिल्या नंबरापासून शेवटच्या नंबरापर्यंत, आपल्या कपाटात असावी, हा मेश्रामचा ध्यास होता.

नागपूरच्या मेश्रामला हे कुठून सुचलं? तर त्याच वर्षाच्या सुरुवातीला, आमच्या ऑफिसात लागण्याआधी, मंदीत त्याचा प्रोजेक्ट गेला होता आणि काम मिळेपर्यंत तो नुसता बसून होता. व्हिसावर आलेल्या माणसाचं बसून राहणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच कळतं. दिवस जाईना म्हणून तो शेजारच्या रॅले शहरातल्या फ्ली मार्केटमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, फिरायला गेला. तिथं एका खोक्यात त्याला एक कॅसेट दिसली आणि तिच्यावर झाडूचं चित्र होतं. कंपनीचं बोधचिन्हच ते.

"आमच्यात झाडूचं चित्र कोणी छापणार नाही, ताई," मेश्राम मला एकदा सिग्नलला थांबलेला असताना म्हणाला. "आमच्या पणज्या-खापरपणज्यांच्या कमरेला बांधलेला होता तो. आणि ह्या पोरांनी त्याचाच छाप केला. मी तिथंच उभा राहिलो."

सिग्नल सुटला.

ती कॅसेट त्यानं घरी नेऊन लावली, तर शेवटच्या गाण्याच्या शेवटी गाणाऱ्यानं आपलं नाव घेतलं, आपल्या रस्त्याचं नाव घेतलं, हे कोणी लिहिलं, कोणी वाजवलं ते सांगितलं. मेश्राम म्हणतो, त्याच्या अंगावर काटा आला. कारण त्याचे वडील शेवटच्या कडव्यात असंच स्वतःचं नाव गुंफायचे.

वडील रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर. संध्याकाळी मात्र गायन पार्टीचे मुख्य गायक. चौदा एप्रिल आली की उत्तर नागपुरातल्या गल्ल्यांतून त्यांना बोलावणी यायची, दसऱ्याला दीक्षाभूमीवर ते उभ्यानं गायचे. स्वतः रचायचे, स्वतः म्हणायचे. आणि त्यांचं एकही गाणं कुठं रेकॉर्ड झालेलं नव्हतं. एकदा एका कॅसेट कंपनीनं बोलावून घेतलं, काचेच्या खोलीत उभं केलं, तर काका, म्हणजे मेश्रामचे वडील, अर्ध्या गाण्यात बाहेर आले. समोर माणूस नाही तर कोणाला ऐकवायचं, असं त्यांचं म्हणणं. मेश्रामनं नोकरी लागल्यावर टेपरेकॉर्डर घेतला, किती विनवलं, काकांनी ऐकलं नाही. पार्टीतले साथीदार एकेक करून गेले, कोणाकडंच काही राहिलं नाही.

"आमचं सगळं हवेत गेलं," मेश्राम म्हणायचा. "ह्यांचं तरी राहू दे."

हे त्यानं मला एकदाच सांगितलं. पण त्यानंतर मी आवाज कमी कर म्हणाले नाही.

दर शनिवारी तो पूर्वेकडच्या गावांना जायचा. सुरुवातीला सरळ दुकानात शिरून विचारायचा, तुमच्याकडं स्वेप्ट यार्डच्या जुन्या कॅसेटी आहेत का? लोक गप्प व्हायचे. चष्मा लावलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला, विचित्र इंग्रजी बोलणारा माणूस कॅसेटी मागतो म्हणजे टॅक्सवाला असणार नाहीतर पोलीस. मग मेश्रामनं युक्ती काढली. न्हाव्याच्या दुकानात शिरायचं, नंबर लावायचा, खुर्चीत बसून केस कापून घ्यायचे आणि गप्पांत हळूच विषय काढायचा. एका शनिवारी दोन गावं करायची असली तर दोनदा कापून घ्यायचे. त्या काळात त्याच्या डोक्यावर केस टिकतच नव्हते. ऑफिसात एकानं मला बाजूला घेऊन काळजीनं विचारलं, मेश्राम आजारी आहे का? मी सांगितलं, आजारच आहे, पण तो नव्हे.

शब्द कळले नाहीत की कोणालाही विचारायचा. एकदा कॅफेटेरियात ताट घेऊन उभ्या उभ्या त्यानं आमच्या मॅनेजर बाईंना, त्या चर्चला नेमानं जाणाऱ्या, एका ओळीचा अर्थ विचारला. बाईंचा काटा हातातच राहिला. मेश्रामला वाटलं, त्यांनाही येत नसेल. तो थँक यू म्हणून पुढच्या टेबलाकडं गेला. मी सॅलडमध्ये तोंड घालून बसले होते.

मराठी मंडळाची गंमत तर विचारू नका. गणपतीच्या कार्यक्रमाला साउंडची जबाबदारी कायम मेश्रामकडं, कारण वायरी त्याच्याइतक्या कोणाला कळत नव्हत्या. मध्यंतरात बटाटेवडे चालू असताना त्यानं झाडूछाप गाणं लावलं. शिव्या नसलेलं, मुद्दाम निवडलेलं. दोन मिनिटांत अध्यक्ष धावत आले. मुलांवर काय संस्कार होतील, असं त्यांचं चाललं होतं. मुलं मागं मस्त नाचत होती. मेश्रामनं वाद घातला नाही. कॅसेट काढली, रुमालात गुंडाळली, सनईची सीडी लावली. मला राग आला, अध्यक्षांचाही आणि त्याचाही. मी म्हटलं, तू बोलला का नाहीस? तो म्हणाला, "ताई, ज्याला ऐकायचं त्यानं ऐकलं." त्याच्या ह्या शांतपणावर मला कधी कधी ओरडावंसं वाटायचं.

तर असं करत करत कपाट भरत गेलं. त्यांच्या घरातल्या जादा खोलीत, भिंतीला लागून, नंबरवार. पहिला नंबर तेवढा नव्हता. डावीकडच्या टोकाला त्यानं एका कॅसेटीएवढी जागा मोकळी सोडली होती आणि तिथं प्रज्ञानं एकदा अगरबत्तीचा पुडा ठेवला तर त्यानं तो उचलून दुसरीकडं ठेवला.

पहिली कॅसेट कुठं आहे हे त्याला केव्हाच कळलं होतं. ती मिस लॉरेटाकडं होती. कंपनी ज्यानं सुरू केली तो टायरेल हा तिचा एकुलता मुलगा. छाप ठरायच्याही आधी, कंपनीला नाव मिळायच्याही आधी, त्यानं आईच्या स्वयंपाकघरात बसून एक कोरी कॅसेट भरली होती. तिच्या काही प्रती निघाल्या होत्या, त्या वाजून वाजून संपल्या, हरवल्या. मूळ कॅसेट तेवढी आईकडं राहिली. आणि टायरेल पंचविशीतच गेला, पावसात गाडी झाडावर आदळून.

मिस लॉरेटाकडं मेश्राम किती फेऱ्या मारत होता कोण जाणे. पहिल्यांदा तिनं दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्यांदा त्यानं सांगितलं, माझे वडीलही गातात. तेव्हा तिनं पोर्चवर बसू दिलं. पुढं आत घेतलं. आत जाताना मेश्रामनं सवयीनं बूट बाहेर काढले, तर ती हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. टायरेल कधी काढायचा नाही, तिनं नुसतं ओरडत राहायचं, असं म्हणाली. मग ती त्याला जेवल्याशिवाय सोडेना. भेंडी आणि मक्याची भाकरी, मेश्राम खुशीत. एकदा तिनं ती कॅसेट तिच्या मोडक्या रेकॉर्डरवर त्याला ऐकवली. एकदाच, कारण तो रेकॉर्डर टेप खायचा. ती स्वतः वर्षानुवर्षं भीतीनं लावत नव्हती. त्या दिवशी परत येताना मेश्रामनं गाडीत काहीही लावलं नव्हतं म्हणे.

२००६ च्या उन्हाळ्यात तिनं कॅसेट त्याच्या हातात दिली. टायरेलला जाऊन बराच काळ झाला होता आणि त्याच्या वाढदिवसाच्या आसपासच्या रविवारी चर्चमध्ये त्याची आठवण करायची होती. भाच्यानं तिला सीडी प्लेअर आणून दिला होता. मेश्रामनं कॅसेटीवरून सीडी करून द्यायची, आणि कॅसेट परत करायची. त्यानं शब्द दिला. आणि चांगला, दणकट कॅसेट डेक मागवला, कारण घरातल्या जुन्या टेपरेकॉर्डरसारख्या भलत्यासलत्या मशीनवर तो ती कॅसेट लावणार नव्हता. डेक यायला आठवडा लागणार होता.

त्याच सुमारास त्याचे आईवडील आले होते. आपल्याकडचे सगळे येतात तसे, सहा महिन्यांसाठी. कॅसेटींची खोली त्यांना दिली. कपाट गराजमध्ये ठेवायचा विचार झाला, पण त्या उन्हात कॅसेटी वाकड्या झाल्या असत्या, म्हणून कपाट खोलीतच राहिलं. मिस लॉरेटाची कॅसेट मेश्रामनं डावीकडच्या मोकळ्या जागेत ठेवली. इतक्या वर्षांनी ती जागा भरली. आणि वडिलांना बजावून सांगितलं, "बाबा, ह्या झाडूवाल्या कॅसेटींना हात लावायचा नाही."

काका देखणे होते. पांढरे केस मागं वळवलेले, पांढरा लेंगा-सदरा, आवाज असा की जेवायला वाढा म्हणाले तरी ऐकत राहावं. मला पहिल्यांदा भेटले तेव्हा "जय भीम, पोरी" म्हणाले. मीही जय भीम म्हटलं, तर मेश्राम चष्म्यावरून माझ्याकडं बघत हसला, कारण चार-पाच वर्षांपूर्वी तो फोनवर हेच म्हणाला होता तेव्हा मी नुसतं हो हो केलं होतं. काकू दोन दिवसांत टीव्हीला आणि नातीला सरावल्या. काकांचं जमेना. सकाळी सगळे गेले की ते खिडकीशी बसायचे. त्या वसाहतीत दिवसभर चिटपाखरू दिसत नाही, तुम्हाला माहीत आहे. गाडी येते, गराजचं दार वर जातं, गाडी आत जाते, दार खाली येतं. एकदा मला म्हणाले, "माणसं राहतात का जी इथं?" मी म्हटलं, काका, राहतात, पण ऑफिसात. ते हसले नाहीत.

डेक आला त्या शनिवारी मी त्यांच्याकडं जेवायला होते. मेश्राम सणासारखा तयार होऊन बसला होता. डेकचं हेड स्पिरिटनं पुसलं, वायर कॉम्प्युटरला जोडली, आम्हाला सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. काका समोरच्या खुर्चीत. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी दडवल्यासारखं मिश्कील हसू होतं, ते मी पाहिलं पण त्याचा अर्थ मला नंतर कळला. मेश्रामनं कॅसेट घातली आणि बटण दाबलं.

काकांचा आवाज आला.

साथीला काही नाही, टेबलावर बोटांचा ठेका. आणि तो आवाज. मी आयुष्यात पुष्कळ गाणं ऐकलंय, पण असं मोकळं, छातीतून आलेलं, एकट्या घरात म्हटलेलं गाणं ऐकलं नव्हतं. काकू पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मेश्रामकडं बघितलं तर त्याचं तोंड उघडं पडलं होतं आणि तो हसत होता, लहान पोरासारखा. हे क्षणभरच. मग त्याची नजर डेकमधल्या कॅसेटीवर गेली आणि हसू जिथल्या तिथं थांबलं.

काका कौतुकानं सांगू लागले. "तू म्हणत होता ना, बाबा एकदा तरी भरा म्हणून. समोर माणूस तर इथं नाहीच, म्हटलं, मशीनले ऐकवतो. झाडूवालीले हात नाही लावला बरं मी. ही कोरीच होती. वरच्या खिडक्या तुटून होत्या, तर चिकटपट्टी लावली."

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन बारीक खिडक्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. टायरेलनं त्या मोडून ठेवल्या होत्या, आईची कॅसेट सुरक्षित राहावी म्हणून. पण आपल्याकडं कॅसेट फुकट घालवायची नसते, चिकटपट्टी लावून त्याच कॅसेटीवर पुन्हा भरायचं, हे नागपुरातल्या, ठाण्यातल्या, प्रत्येक घरातल्या माणसाला माहीत. मीही केलंय. आणि त्या पहिल्या कॅसेटीवर झाडूचा छाप नव्हता, कारण ती भरली तेव्हा छापच ठरलेला नव्हता. मुलानं सांगितलेलं काकांनी तंतोतंत पाळलं होतं. सगळ्या कपाटात बिनछापाची तेवढी एकच होती, ती त्यांनी शोधून काढली.

मेश्रामनं कॅसेट थांबवली नाही. त्याला थांबवता आलं नाही, असं म्हणेन मी. एकामागून एक गाणी येत राहिली, प्रत्येकाच्या शेवटच्या कडव्यात काकांचं नाव. प्रज्ञाला कळलं होतं, तिनं पोरीला आत नेलं. मग काकांचं गाणं संपलं, रेकॉर्डर बंद केल्याचा खट् आवाज आला, आणि एकदम दुसराच आवाज मध्येच सुरू झाला. तरुण, घाईतला, हसरा. दोन-चार ओळी, मागं भांडी वाजल्याचा आवाज, एक बाई काहीतरी ओरडते, तो हसतो. आणि टेप संपली.

"हे कोण मधीच बोलून राहिलं?" काकांनी विचारलं.

"ते आधीचं आहे, बाबा," मेश्राम म्हणाला.

काका गाणारे होते, त्यांना जास्त सांगावं लागलं नाही. कोणाचं होतं, एवढंच त्यांनी विचारलं. मेश्रामनं सांगितलं. त्याची आई आहे, हेही सांगितलं. काका उठले आणि खोलीत गेले. मेश्रामनं कॅसेट उलटून लावून बघितली, तर दुसरी बाजू मुळात कोरीच होती.

पुढच्या शनिवारी मेश्राम मला म्हणाला, "ताई, तुम्ही चला. एकटा गेलो तर मी वाटेतून परत फिरेन." काका मागं लागले होते, मी येतो, मी पाया पडतो त्या माउलीच्या. मेश्रामनं त्यांना आणलं नाही. वाटेत तो तिला काय सांगायचं ते जुळवत होता, इंग्रजीत, पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक वेळी मध्येच थांबत होता. मी म्हटलं, जसं आहे तसं सांग. तो म्हणाला, जसं आहे तसं सांगायलाच शब्द नाहीत.

मिस लॉरेटा पोर्चवर शेंगा सोलत बसली होती. मेश्रामला बघून तिचा चेहरा फुलला. तो पायरीखालीच उभा राहिला आणि त्यानं सांगितलं. अडखळत, पण सगळं. ती शेंगा सोलायची थांबली. रडली नाही, ओरडली नाही. तिनं ओरडावं, असं मला मनापासून वाटत होतं. मग म्हणाली, ऐकव मला.

घरातला रेकॉर्डर टेप खायचा, म्हणून आम्ही त्याच्या गाडीत बसलो. ती पुढं, मी मागं, दारं उघडी. तिनं काकांचं गाणं सुरुवातीपासून ऐकलं. पुढं सरकवू का, असं मेश्रामनं विचारलं तर मान हलवून नको म्हणाली. मांडीवरची तिची बोटं मधे मधे ठेका धरत होती, तिला कळलंही नसेल. शेवटी टायरेलच्या त्या दोन-चार ओळी आल्या. भांडी वाजली, मागून तिचाच तरुण आवाज ओरडला. तो हसला. टेप संपली.

"हा गाणारा तुझा बाप?" तिनं विचारलं.

"हो."

"आहे अजून?"

"आहे. घरी आहे."

"मग तू त्याला पुन्हा म्हणायला सांगू शकतोस," मिस लॉरेटा म्हणाली. "ही माझी आहे, मी ठेवते."

तिनं स्वतःच बटण दाबून कॅसेट काढून घेतली. उतरताना दार हळू लावलं. पोर्चवर गेली, शेंगांचं भांडं उचललं, आणि आम्हाला म्हणाली, गाडी जपून चालवा. तिकडची माणसं कोणालाही हे म्हटल्याशिवाय जाऊ देत नाहीत. जाळीचं दार तिच्यामागं आपटलं. मेश्राम स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मी मागच्या सीटवर रडत होते.

पुढं तो तिच्याकडं गेला की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. गाडीत कॅसेटी लावणं त्यानं बंद केलं. आम्ही रेडिओवरच्या बातम्या ऐकत ऑफिसला जायचो. एकदा मीच म्हटलं, लाव ना रे, आता मला आवडतं. तो म्हणाला, लावू, आणि लावलं नाही. काका त्या दिवसापासून गुणगुणायचेसुद्धा थांबले होते. सकाळची वंदनाही ओठांतल्या ओठांत म्हणायचे, असं काकूंनी मला भाजी निवडताना सांगितलं.

त्या वर्षअखेरीला मी न्यू जर्सीला गेले, पुढच्या मंदीत मेश्राम पार पश्चिमेकडं चँडलर नावाच्या गावाला गेला असं कळलं. फोन होतात, चेहरा दिसत नाही. माझ्या डोळ्यांसमोर राहिलाय तो मेश्राम काका-काकूंच्या परत जाण्याच्या आदल्या दिवशीचा, दुपारचा.

त्यानं मला बोलावून घेतलं होतं. बाबांना समोर माणूस लागतो, या, म्हणाला. हॉलमध्ये बॅगा भरून ठेवल्या होत्या. डेकला माइक लावलेला, कोरी कॅसेट घातलेली. आम्ही समोर बसलो, काकू, प्रज्ञा, पोरगी आणि मी. काकांनी नको म्हटलं नाही. सदरा बदलून आले, खुर्चीत ताठ बसले, एक हात कानाशी नेला. मेश्रामनं बटण दाबलं.

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. हात कानावरून खाली आला.

"नाही येऊन राहिलं रे," ते म्हणाले. "मी तोंड उघडलं की ते पोरगं हसते."

मला वाटलं, आता हा बंद करेल. त्यानं केलं नाही. "राहू द्या, बाबा. नुसते बसा," मेश्राम म्हणाला. काका बसले. आम्हीही बसलो. डेकवर आवाजाची पातळी दाखवणारी एक बारीक सुई होती. मेश्राम तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला होता, पाठ आमच्याकडं, डोकं अगदी काचेला लागेल इतकं पुढं. चाकं फिरत होती. काकांनी एकदा जड श्वास सोडला, तेव्हा सुई हलली. मेश्रामनं माइक उचलून त्यांच्या आणखी जवळ नेऊन ठेवला.